पांढरी एकमधला शोक : ट्रॉम्बोनच्या एका संथ रचनेचे प्रकरण

परभणी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे ध्वजवंदन झाल्यावर हुतात्मा स्मृतिस्तंभाला पुष्पचक्र वाहिले जाते. हे पुष्पचक्र वाहिले जात असताना तीन मिनिटांची एखादी संथ, शब्दांविना असलेली रचना प्रत्यक्ष वाजवली जावी, अशी कार्यक्रम समितीची इच्छा होती. आदल्या वर्षी ध्वनिक्षेपकावर लावलेले गाणे मध्येच अडकले होते आणि त्यानंतर जाहिरात सुरू झाली होती, त्यामुळे या वेळी यंत्र नको, माणसे हवीत, असे ठरले. गावात माणसे होती, म्हणजे लग्नाच्या वरातीत वाजवणारे एक जुने बँडपथक होते. चातुर्मासात लग्नाच्या सुपाऱ्या नसतात. महालक्ष्म्या आणि गणपतीचे चार दिवस सोडले तर पथकातली निम्मी मंडळी सोयाबीनच्या कामात असते. महाविद्यालयात संगीत शिकवतो म्हणून रचना निवडण्याचे आणि बसवून घेण्याचे काम माझ्याकडे आले. पुढचे पाच आठवडे लय, पट्टी आणि भाव या तिन्ही बाबतींत आमचे जे अंदाज चुकले, ते का चुकले आणि कसे दुरुस्त झाले, त्याची ही नोंद आहे.

समितीतल्या एका ज्येष्ठांनी पहिलीच शंका रास्त घेतली होती. वरातीचे वाद्य हुतात्म्यांसमोर शोभेल का, असे त्यांनी विचारले. ट्रॉम्बोन, म्हणजे नळी पुढे-मागे सरकवून वाजवायचे पितळी वाद्य, आपल्याकडे वरातीतूनच कानावर पडत आला आहे, म्हणून ही शंका येते; पण युरोपात या वाद्याचा मृत्यूशी आणि स्मरणाशी जुना संबंध आहे. बेथोव्हेनने १८१२ साली ऑस्ट्रियातील लिंझ येथे मृतांच्या स्मरणदिनासाठी केवळ चार ट्रॉम्बोनसाठी तीन छोट्या रचना लिहिल्या, आणि १८२७ मध्ये त्याच्या स्वतःच्या अंत्ययात्रेत त्यांतल्या दोन वाजवल्या आणि गायल्या गेल्या. त्याहून जवळचे उदाहरण फ्रेंच संगीतकार बर्लिओझचे. फ्रान्समध्ये जुलै १८३० च्या उठावात मेलेल्यांचे अवशेष १८४० साली पॅरिसमधील स्मारकस्तंभाखाली हलवण्यात आले, तेव्हा त्याने मोठ्या लष्करी बँडसाठी एक सिंफनी लिहिली आणि तिच्या मधल्या भागात हुतात्म्यांसमोरचे भाषण माणसाच्या तोंडी न देता एकट्या ट्रॉम्बोनला दिले. स्तंभ, हुतात्मे, उघडे मैदान आणि फुंकवाद्यांचा ताफा, असे सगळेच आमच्याशी जुळत होते. ज्येष्ठांचे समाधान झाले.

बर्लिओझची रचना मात्र आमच्या चौदा जणांना पेलणारी नव्हती. मी निवडला तो फेर्डिनांड डाव्हिडच्या ट्रॉम्बोन आणि वाद्यवृंदासाठीच्या कॉन्चर्टिनोचा, म्हणजे एक वाद्य पुढे ठेवून लिहिलेल्या छोटेखानी रचनेचा, मधला भाग. डाव्हिड हा जर्मनीतल्या लायपझिगच्या गेवांडहाउस वाद्यवृंदाचा प्रमुख व्हायोलिनवादक होता. मेंडेल्सझोनचा प्रसिद्ध व्हायोलिन कॉन्चर्टो १८४५ मध्ये पहिल्यांदा वाजवला तो यानेच. त्याचा हा कॉन्चर्टिनो १८३७ साली त्याच वाद्यवृंदात कार्ल ट्राउगोट क्वाइसर या ट्रॉम्बोनवादकाने सादर केला. पहिला आणि शेवटचा भाग ई फ्लॅट मेजरमध्ये, म्हणजे पेटीवरच्या काळी दोनमध्ये, दिमाखात चालतो. मधला भाग मात्र सी मायनरमधला, म्हणजे पांढरी एकमधला, शोकसंचलनाचा आहे आणि त्याच्या माथ्यावर लयीची सूचना आहे ‘आंदान्ते’. मी त्याचा मुख्य गाभा घेऊन सोपी मांडणी केली. तंतुवाद्यांचे काम क्लॅरिनेट आणि आल्टो सॅक्सोफोनला दिले, खालचा आधार युफोनियमला दिला, आणि मुख्य सुरावट चार-चार मात्रांच्या चार खंडांची, म्हणजे एका वाक्यात सोळा मात्रा येतील अशी बांधून घेतली. तीनतालाचे एक आवर्तन तेवढेच असल्यामुळे पथकाला ते समजावून सांगावे लागले नाही. अशी बारा आवर्तने झाली की रचना संपत होती.

ट्रॉम्बोन वाजवणारे गृहस्थ साठीच्या उंबरठ्यावरचे आहेत आणि सगळे गाव त्यांना चाचा म्हणते. त्यांचे वाद्य मेरठच्या जली कोठीतून आणलेले आहे, त्याच्या घंटेसारख्या तोंडाला दोन ठिकाणी पोचे पडलेले आहेत, आणि त्याची सरकती नळी मात्र ते लहान मुलाला न्हाऊ घालावे तशा निगुतीने रोज पुसतात. स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, त्यांना वाचता येत नाही. एकदा ऐकलेली चाल ते विसरत नाहीत.

पहिल्या तालमीतच घोळ झाला आणि तो पट्टीचा होता. पथकाच्या गाळ्यात, लाल गणवेश आणि दिव्यांच्या छत्र्या टांगलेल्या भिंतीखाली, मी पेटीवर पांढरी एकचा षड्ज धरला आणि सगळ्यांना कोमल गंधार, कोमल धैवत घेऊन खालून वर जायला सांगितले. चाचा माझ्याबरोबर होते. तिन्ही ट्रंपेटवाले मात्र एक पूर्ण स्वर खाली, आपापसात अगदी सुरात, आत्मविश्वासाने वाजवत होते. त्यांच्या जुन्या उस्तादांनी त्यांना शिकवताना एकही खटका न दाबता निघणाऱ्या सुराला पांढरी एक म्हटले होते, आणि कागदावर तो सूर सी म्हणूनच लिहिला जातो. पण ट्रंपेट बी फ्लॅटचे वाद्य असल्यामुळे तोच सूर पेटीवर काळी पाचला येऊन पडतो. आयुष्यभर ते आपापसातच वाजवत आल्यामुळे हा फरक त्यांना कधी नडला नव्हता. चूक माझीच होती, कारण मिश्र वाद्यांसमोर पट्टीचे नाव घेताना ते कोणाच्या वाद्यावरचे नाव आहे, हे आधी सांगायला हवे होते.

यावर बँडमास्तरांनी सुचवलेला उपाय सोपा दिसत होता. सगळ्यांनी काळी पाचला यावे. शिवाय पट्टी खाली गेली की दुःख अधिक दाटते, असे त्यांचे म्हणणे होते. ही समजूत फार पसरलेली आहे आणि गाण्याच्या बैठकीत ती काही अंशी खरीही ठरते, कारण तिथे कंठाचा पोत बदलतो. आमच्या बाबतीत मात्र हिशेब करून पाहिल्यावर उलटेच निघाले. सी मायनर हे बी फ्लॅटच्या ट्रंपेट आणि क्लॅरिनेटसाठी कागदावर डी मायनर होते, त्यात एकच कोमल खूण. ई फ्लॅटच्या आल्टो सॅक्सोफोनसाठी ते ए मायनर होते, त्यात एकही खूण नाही. आणि ट्रॉम्बोनला तर सी मायनर हातावर काढून दिल्यासारखे आहे. ट्रॉम्बोनच्या नळीला सात जागा असतात. सी मायनरमधला मधला षड्ज, त्याच्या वरचा कोमल गंधार आणि खालचा कोमल धैवत असे तिन्ही दुखरे सूर तिसऱ्या जागेवर मिळतात, पंचम आणि शुद्ध निषाद चौथ्या जागेवर, तर मध्यम आणि रिषभ पहिल्या. हात छातीपासून फार लांब जातच नाही. काळी पाचला नेले असते तर खालचा कोमल धैवत पाचव्या जागेवर गेला असता आणि प्रत्येक हळव्या ठिकाणी हात लांब फेकावा लागला असता. शिवाय उघड्या मैदानात खालचे सूर दहा पावलांपलीकडे नुसते गुरगुरतात. डाव्हिडने पट्टी निवडली तेव्हा त्याच्यासमोर परभणी जिल्हा नव्हता, पण ट्रॉम्बोनचा हात नक्की होता. आम्ही मूळ पट्टीतच राहिलो आणि ट्रंपेटवाल्यांच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहिले : ‘तुमचा सा, तुमच्या पांढरी दोनचा.’

पट्टी ठरल्यावर एक सूक्ष्म भांडण राहिले, आणि या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त शिकवून गेले ते तेच. षड्जावरून कोमल गंधारावर जाताना चाचांची नळी हलत नाही, हे वर आलेच. दोन्ही सूर तिसऱ्या जागेवरचे, फक्त ओठांचा ताण बदलायचा. एकाच लांबीच्या नळीतून निघणारे हे पाचवे आणि सहावे नैसर्गिक स्वरांश आहेत, म्हणून त्यांच्यातले अंतर सहास पाच या शुद्ध प्रमाणातले असते. पेटीवरचे तेच अंतर सप्तकाच्या बारा समान भागांतल्या विभागणीचे असल्यामुळे किंचित अरुंद असते, अर्ध्या स्वराच्या साधारण सहाव्या भागाइतके. चाचा पेटीबरोबर षड्ज मिळवायचे आणि गंधारावर गेले की पेटी खाली वाटायची. गंधार मिळवला की षड्ज उतरलेला वाटायचा. दोन दिवस त्यांनी काही म्हटले नाही. तिसऱ्या दिवशी वाद्य मांडीवर ठेवून ते म्हणाले, “सर, पेटी बंद करा थोडा वेळ. ती खोटं बोलतेय.” पेटी बंद केल्यावर गंधार असा लागला की सॅक्सोफोनवाल्या दोन्ही पोरांनी न सांगता आपापले सूर त्याच्याकडे सरकवले. त्या दिवसापासून पेटी सुरुवातीचा षड्ज देण्यापुरतीच उरली.

लयीची गोष्ट याहून लांबली, कारण तिथे सगळ्यांचे एकमत होते आणि ते एकमतच चुकीचे होते. श्रद्धांजली म्हणजे जितके सावकाश तितके चांगले, असे समितीला वाटत होते, मास्तरांना वाटत होते आणि खरे सांगायचे तर मलाही वाटत होते. फोनवरच्या मेट्रोनोमवर मिनिटाला ४८ ठोके लावून आम्ही सुरुवात केली. या गतीला सोळा मात्रांचे एक वाक्य वीस सेकंदांचे होते. चाचांचा दमसास त्यांच्या वयाच्या मानाने उत्तम आहे, तरी हळुवार आवाजातले वीस सेकंद सलग त्यांना झेपत नव्हते. ते अकराव्या-बाराव्या मात्रेला श्वास घेत, आणि वाक्य नेमके जिथे वर चढून कोमल धैवताला स्पर्श करते तिथे तुटे. “मधी तोडलं तर रडतारडता ढेकर आल्यासारखं होतं, सर,” असे ते म्हणाले, आणि याहून अचूक परीक्षण मला सुचले नसते.

श्वास हे एकच कारण नव्हते. एवढ्या मोकळ्या लयीत साइड ड्रमवाल्या तरुणाचा हात स्वस्थ बसेना. दोन ठोक्यांमधली रिकामी जागा त्याला भरावीशी वाटे, मग तो हळूच दुगुन करी, दुगुनीत लग्गीचा एखादा नाचरा ठेका डोकावे, आणि शोकसंचलन नवरदेवाच्या घोड्यामागून चालू लागे. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. वरातीत जो ड्रमवाला जागा रिकामी सोडतो त्याला पुढची सुपारी मिळत नाही. तिसरे कारण जागेचे. लायपझिगच्या सभागृहात सूर थांबल्यावरही त्याची आस काही क्षण घुमत राहते आणि दोन सुरांमधली फट बुजवते. आमच्या मैदानात तीन बाजूंनी मोकळे आकाश आणि चौथ्या बाजूला तहसिलीची भिंत. सूर सुटला की गेला. तिथे फार सावकाश वाजवलेली सुरावट गंभीर वाटत नाही, विस्कटलेली वाटते.

मग मी ‘आंदान्ते’ या शब्दाकडे परत गेलो, जे पहिल्या दिवशीच करायला हवे होते. इटालियन भाषेत त्याचा अर्थ चालता, चालत राहिलेला. रचनेचे नाव शोकसंचलन आहे, म्हणजे तिच्यात कोणीतरी चालते आहे, कोणाला तरी खांद्यावर घेऊन. ४८ ठोक्यांना माणूस चालत नाही, तो प्रत्येक पावलाला थांबतो. समितीतल्या पाच ज्येष्ठांना मी पुष्पचक्राऐवजी एक रिकामी पाटी धरून फाटकापासून स्तंभापर्यंत चालायला सांगितले आणि घड्याळ लावले. ४० सेकंदांत ४५ पावले पडली, म्हणजे मिनिटाला ६७-६८. त्या संध्याकाळी मेट्रोनोम ६६ वर ठेवला. वाक्य साडेचौदा सेकंदांचे झाले आणि चाचांच्या एका श्वासात बसले. बारा आवर्तनांची रचना चार मिनिटांवरून तीन मिनिटांच्या आत आली, म्हणजे समितीने मुळात जेवढा वेळ मागितला होता तेवढीच. गंमत अशी की लय वाढल्यावर गाळ्यात बसलेल्या प्रत्येकाला ती रचना आधीपेक्षा अधिक दुःखी वाटली. न तुटता वर जाऊन खाली येणारे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच ऐकले होते.

ड्रमचा प्रश्न लष्करी रिवाजाने सोडवला. लष्करी अंत्यसंस्कारात ड्रमवर काळे कापड गुंडाळून त्याचा आवाज दाबतात. आम्ही साइड ड्रमच्या खालच्या तारा सैल सोडल्या, वरच्या कातड्यावर गमछा दुमडून टाकला आणि फक्त पहिल्या व तिसऱ्या मात्रेवर एकेक ठोका ठेवला. तरुणाने दोन दिवस तोंड वाकडे केले. तिसऱ्या दिवशी गमछ्याची घडी किती जाड असावी, यावर तो मास्तरांशी वाद घालत होता, तेव्हा मी निर्धास्त झालो.

भावाच्या बाबतीत मला चाचांची एक सवय मोडावी लागली आणि तिचे थोडे वाईटही वाटले. ट्रॉम्बोन हे मोजक्या फुंकवाद्यांपैकी एक, ज्याच्यावर खरीखुरी मींड निघते. नळी सरकवताना फुंक चालू ठेवली की एका सुरातून दुसऱ्यात सलग जाता येते. वरातीतल्या विरहगीतात चाचा प्रत्येक सुराला अशी मींड देतात आणि लोक नोटा ओवाळतात. डाव्हिडच्या सुरावटीत तीच मींड दर दोन मात्रांनी आली की शोकाचे विव्हळणे होते. मींड पूर्ण काढली तर वाद्य कोरडे, सरकारी वाटू लागले. अखेर आम्ही असे ठरवले की जिथे नळी न हलवता ओठांनी सूर बदलता येतो तिथे तसाच बदलायचा; जिथे नळी हलते तिथे जिभेने हलकासा ‘द’ लावून सरकण्याचा आवाज झाकायचा; आणि संपूर्ण रचनेत एकच मींड ठेवायची, आठव्या आवर्तनात, कोमल धैवतावरून पंचमावर उतरताना. तिसऱ्या जागेवरून चौथ्या जागेपर्यंत, वीतभरापेक्षा कमी अंतर. ही जागा चाचांनी निवडली, मी नाही. माझी निवड दहाव्या आवर्तनातली होती आणि ती वाईट होती.

निषादाचा गुंता मात्र पुरता सुटला नाही. सुरावटीत कोमल गंधार, कोमल धैवत आले की चाचांचा कान आसावरीकडे वळतो आणि निषादही कोमल होतो. या रचनेत वाक्य संपवताना सॅक्सोफोनवाले शुद्ध निषादाचा मेळ धरून उभे असतात, तिथे कोमल निषाद आला की दोन सूर एकमेकांच्या अंगावर जातात. मी त्यांना सांगितले, चाचा, वाक्याच्या शेवटी आसावरी सोडा, शुद्ध निषादाची किरवाणी धरा. त्यांनी मान डोलावली, दहा वेळा बरोबर वाजवले, अकराव्या वेळी हात पुन्हा पहिल्या जागेवर गेला. पन्नास वर्षांचा कान पाच आठवड्यांत वळवायचा हट्ट मी धरला नाही. फक्त शेवटच्या आवर्तनासाठी, जिथे बाकी सगळे थांबलेले असतात, तिथे तो सूर शुद्धच हवा एवढे पक्के करून घेतले.

१७ सप्टेंबरला पहाटे पाऊस पडून गेला होता. मैदान ओले, हवा गार, आणि वाद्ये गाळ्यातल्यापेक्षा थोडी उतरलेली लागली. थंड नळीत ध्वनीचा वेग कमी होतो, म्हणून असे होते. वाजवणाऱ्याच्या श्वासाने नळी तापली की सूर वर येतो. आम्ही ध्वजवंदनाआधी तहसिलीच्या मागे उभे राहून दहा मिनिटे नुसते लांब सूर भरले, आणि मगच सूर मिळवले. वादन सुरू झाले तेव्हा पुष्पचक्र उचललेल्या ज्येष्ठांनी चिखल चुकवत नेहमीपेक्षा जरा भराभर पावले टाकली आणि मास्तरांनी, मला न विचारता, त्यांच्या पावलांवर लय धरली. नंतर फोनवरच्या ध्वनिमुद्रणावरून मी मोजले : मिनिटाला ७०. रचना पावणेतीन मिनिटांत संपली. आठव्या आवर्तनातली मींड अगदी जागच्या जागी उतरली. पाचव्या आवर्तनाच्या शेवटी कोमल निषाद आला, एका मात्रेपुरता खटकला आणि सॅक्सोफोनच्या मेळात विरघळला. शेवटच्या आवर्तनातला निषाद शुद्ध होता.

त्या रात्री साडेनऊला चाचांचा फोन आला. कार्यक्रम कसा झाला, कोण काय म्हणाले, यातले त्यांनी काहीच विचारले नाही. “सर, पाचव्या फेरीला हात पहिल्या जागेवर गेला,” ते म्हणाले. “चौथीवर न्यायचा होता. तेवढी ओळ उद्या पुन्हा सांगता का?”